स्मरणिकेतल्या दोन ओळी

पार्सिपनी, अमेरिका,
गुरुवार, दुपारी

प्रिय शंतनू,

एरवी मी 'चिरंजीव' लिहिते, पाठोपाठ आशीर्वाद लिहिते. आज रागात आहे, म्हणून नुसतं प्रिय. आशीर्वाद शेवटपर्यंत उरले तर बघू.

एकाच घरात राहणाऱ्या आईने मुलाला पत्र लिहायचं, हे तुला चमत्कारिक वाटेल. वाटू दे. समोर बसून बोलायला गेले की तुझा एक डोळा फोनवर असतो, आणि तुझ्या लेकीचा, रुहीचा विषय निघाला की आई प्लीज, तुला इथलं कळत नाही, असं म्हणून तू बेसमेंटमध्ये निघून जातोस. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. हे मी उद्या तुझ्या डब्यात ठेवणार आहे, थालीपिठाच्या फॉइलखाली. आधी जेव, मग वाच. उपाशीपोटी तू जास्त हट्टी होतोस, अगदी लहानपणापासून.

तर मुद्द्याचं. सोमवारी सकाळी दहा वाजता रुही तिच्या कॉलेजातल्या अॅडव्हायझरला भेटणार, किनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र, सोडणार आणि बायॉलॉजी घेणार, पुढे मेडिकलला जायला. तिला हवं म्हणून नाही, तुला हवं म्हणून. दुसरं वर्ष संपत आलंय, पोरगी प्रत्येक विषयात ए आणते, आणि ती स्प्रिंग ब्रेकला घरी आली तेव्हा तू तिला जेवणाच्या टेबलावर सुनावलंस की एक तर मेजर बदल, नाही तर तिथलं सोडून घरी ये आणि इथल्या कॉलेजात जा. वर हसून विचारलंस की चार वर्षं शिकून काय करणार, जिममध्ये घामट लोकांचे टॉवेल उचलणार? तिच्या आईने, आसावरीने ताटातून मान वर केली नाही. रुहीने हातातला घास ताटात परत ठेवला. आणि मी काय केलं? मी तुला भाजी वाढली. हो, मी पण. माझा राग फक्त तुझ्यावर आहे असं समजू नकोस, माझीही पाळी येणार आहे या पत्रात.

पण आज सकाळी जे झालं त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या त्या मित्राने, गुरुनाथने इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या स्मरणिकेची दोन पानं मला व्हॉट्सअॅपवर पाठवली. काकू, शुद्धलेखन तेवढं बघून द्या, म्हणाला. मी चष्मा पुसून बसले. पहिल्या पानावर रविवारचा कार्यक्रम. मुलांचा बक्षीस समारंभ, हस्ते श्रीमती सरला पांढरीपांडे, निवृत्त मुख्याध्यापिका, नागपूर. दुसऱ्या पानावर कॉलेजात गेलेल्या मुलांचे फोटो, वर मथळा 'आमची भरारी'. त्यात आपली रुही, केस मोकळे सोडलेली, छान हसतेय, आणि खाली ओळ: रुही पांढरीपांडे, प्री-मेड. दोन्ही ओळी तू पाठवलेल्या. शुद्धलेखन अगदी बरोबर आहे हो. वेलांटीसुद्धा चुकलेली नाही.

मी मुख्याध्यापिका कधी झाले रे बाप्पा? एकतीस वर्षं मी त्या शाळेत नोकरी केली. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर एकदाच चढले, तेही उभी राहून, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायला. बाकी सगळा जन्म ग्राउंडवर. मी पी.टी.ची बाई होते. नागपूरच्या मे महिन्यात स्पर्धांची तयारी करून घेणारी, मुलींचे मुरगळलेले पाय बांधणारी, पांढऱ्या चुन्याने ट्रॅक आखणारी पी.टी.ची बाई. अजूनही नागपूरला गेले की सक्करदऱ्यात पन्नाशीच्या बायका मला रस्त्यात अडवून पाया पडतात, त्या काय मी त्यांना भूगोल शिकवला म्हणून?

मी बी.पी.एड. करायला अमरावतीला निघाले तेव्हा माझे बाबा थेट तुझ्यासारखंच बोलले होते. उड्या मारायची कसली डिग्री, म्हणाले. सत्तर साल होतं. तरी गेले. पहाटे ग्राउंड, दिवसा वर्ग, विद्यापीठाकडून खो-खो खेळले, गुडघे फोडून घेतले. मग स्थळं यायला लागली तेव्हा बाबांनी माझ्या माहितीच्या कागदावर नुसतं 'शिक्षिका' असं लिहून ठेवलं. तुझे बाबा मला बघायला आले आणि त्यांनी पोहे खाता खाता विचारलं की कोणता विषय शिकवता? घरातले सगळे माझ्याकडे टकामका बघायला लागले. मी सांगून टाकलं, पी.टी. शिकवते आणि मुलींना खो-खो शिकवते. माझ्या बाबांचा चेहरा असा पडला की विचारू नकोस. तुझे बाबा मात्र मोठ्याने हसले, म्हणाले, चला, म्हणजे आमच्या घरात कुणी कुबड काढून बसणार नाही. चोवीस वर्षांची होते मी. खरं सांगायला मला एवढीशी भीती वाटली नव्हती. सत्तरी ओलांडल्यावर ती कुठून आली, हाच विचार सकाळपासून डोक्यात आहे.

कारण तू मला मुख्याध्यापिका केलंस ते आज नाही. माझ्या पंचाहत्तरीला केलंस. एडिसनला ओक ट्री रोडवरचा तो हॉल, सत्तर पाहुणे, तू माइक हातात घेतलास आणि म्हणालास, माझी आई नागपूरच्या एका नामवंत शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. टाळ्या पडल्या. मी काय करायला हवं होतं? तिथेच उठून म्हणायला हवं होतं, अरे भैताडा, काहीतरी काय सांगतोस! पण मी हात जोडले आणि हसले. मनात म्हटलं, पोराने प्रेमाने बढती दिली, घेऊन टाकावी. चारचौघांत त्याचं हसं कशाला करायचं. झालं! तेव्हापासून मंडळात सगळे मला मुख्याध्यापिका काकू म्हणतात. मागच्या वर्षी त्यांनी माझं 'शिस्त आणि संस्कार' या विषयावर भाषण ठेवलं आणि मी निर्लज्जासारखी वीस मिनिटं बोलले. त्या वाढदिवसाहून परत येताना गाडीत रुही माझ्या शेजारी होती. तिने हळूच विचारलं, आजी, यू वेअर द पी.टी. टीचर, राइट? मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, एकच की गं.

तिला खरं कसं माहीत होतं, हे तुला कळायला हवं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझा उजवा गुडघा बदलला, आठवतं? तुम्हा दोघांनाही ऑफिस. रुहीला नुकतंच लायसन्स मिळालेलं, तर तीन महिने आठवड्यातून दोनदा तीच मला फिजिओथेरपीला घेऊन जायची. पहिले दोन दिवस फोन बघत बसली. तिसऱ्या दिवशी उठून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिथली थेरपिस्ट मोठी मायाळू बाई, तिने रुहीच्या हातात कोन मोजायची पट्टी दिली आणि गुडघ्याला कशी लावायची ते दाखवलं. मग रुही एका वहीत लिहायला लागली. पहिल्या आठवड्यात सत्तर अंश, शेवटच्या आठवड्यात एकशे अठरा. एकदा मी पाय वर करताना कंबर उचलून लबाडी करत होते. थेरपिस्टच्या लक्षात आलं नाही, हिच्या आलं. आजी, यू आर चीटिंग! म्हणाली. अरे, एकतीस वर्षं मी बैठका मारताना लबाडी करणाऱ्या पोट्ट्या पकडल्या, आणि मला पकडलं माझ्या नातीने. मला इतका आनंद झाला की दुखणं विसरले.

मग गाडीत जाता-येता मी तिला सगळं सांगायचे. तिचं मराठी अर्धंमुर्धं, माझं इंग्रजी त्याहून, पण चालीचं-पळण्याचं बोलायला फार भाषा लागत नाही. तिला मी सांगितलं की एक मुलगी रोज तिसऱ्या फेरीत मागे पडायची, बाकीच्या शिक्षिका तिला आळशी म्हणायच्या, आणि मी तिचं पाऊल कसं पडतं ते बघून ओळखलं की तिच्या पायात मोठ्या बहिणीचे बूट आहेत. बुटांच्या टोकाला कापूस भरला तेव्हा ती पोर दुसरी आली. रुहीने सिग्नलला गाडी थांबवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, आजी, हा एक खरा सब्जेक्ट आहे, लोक कॉलेजमध्ये हे शिकतात. तिनेच शोधून काढला तो. पुढे अर्जात तो विषय का निवडला हे तिने लिहिलं, त्यात माझा गुडघा होता आणि ते बूट होते. हे मी आजवर तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास की तूच तिच्या डोक्यात भरवलंस. तर आता ऐक, हो, मीच भरवलं. मला त्याचा अभिमान आहे.

आणि ती काय शिकते ते तू एकदा तरी विचारलंस का रे? तिने पहिल्या वर्षी देहदान केलेल्या माणसाच्या हाताचा एकेक स्नायू बघितला. तो कुठून निघतो, कुठे जाऊन चिकटतो, त्याला ओढलं की कोणतं बोट हलतं, सगळं. तिला केमिस्ट्री आहे, फिजिक्स आहे, स्टॅटिस्टिक्स आहे. पुढे तिला फिजिकल थेरपीचं तीन वर्षांचं डॉक्टरेट करायचंय, हे तिने तुला दोनदा सांगितलं, आणि तू म्हणालास ते खरे डॉक्टर नसतात. माझा गुडघा ज्याने कापला तो खरा डॉक्टर, कबूल. पण त्याने वीस मिनिटांत मला भेटून डिस्चार्ज दिला. जिन्यावरून मला पुन्हा वर-खाली चालायला लावलं ते त्या थेरपिस्ट बाईने.

स्प्रिंग ब्रेकमध्ये तू तिला ते सुनावायच्या आधीचे चार दिवस आठवतात का? तुला नाही आठवणार, तू मीटिंगमध्ये होतास. तिचा प्रोजेक्ट होता, म्हातारी माणसं खुर्चीतून कशी उठतात याच्यावर. तिने माझ्या घोट्याला, गुडघ्याला, कमरेला रंगीत स्टिकर लावले आणि फोनवर शूटिंग केलं. तीस सेकंदांत हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजलं. नऊ वेळा. मला लाज वाटली. मग तू मदर्स डेला आणलेल्या त्या मऊ रिक्लायनरमध्ये तिने मला बसवलं, तर एकदाही उठता येईना! ही खुर्ची आजीला दुबळी करतेय, म्हणाली. तू तेवढ्यात कॉफी घ्यायला वर आला होतास, ते ऐकून तुझा चेहरा आंबट झाला. पण मी त्या दिवसापासून जेवणाच्या खुर्चीत बसते, आणि आता तेरा वेळा उठते. आणखी एक सांगते. चार वर्षांत मी जमिनीवर बसले नव्हते. गौरींचा नैवेद्यसुद्धा स्टुलावर बसून दाखवायचे. एकदा बसले तर उठेन की नाही, पडले तर तुम्हाला ऑफिसातून बोलवावं लागेल, ही धास्ती. रुहीने तीन दिवस माझ्याकडून एकेक पायरी करून घेतली. आधी एक गुडघा, मग हात, मग कूस. चौथ्या दिवशी मी लिव्हिंग रूममध्ये मांडी घालून बसले आणि कुणाचा हात न धरता उभी राहिले. रडले मी. ती पण रडली. त्याच संध्याकाळी तू तिला टॉवेलचं बोललास.

तो प्रोजेक्ट तिने मला पाठवला. आसावरीने वाचून दाखवला. हो, तुझी बायको तुझ्या पाठीमागे तिच्या लेकीचा अभ्यास वाचते, विचार तिला. शेवटी आभार होते. माझी आजी, सरला पांढरीपांडे, फिजिकल एज्युकेशन टीचर, नागपूर, एकतीस वर्षं. बस, एवढंच. या देशात माझं खरं काम पहिल्यांदा कागदावर उमटलं ते तिथे.

आणि आता तुझ्या पाठीबद्दल बोलू या का? मागच्या हिवाळ्यात तुझी नोकरी गेली, चार महिने तू घरी होतास आणि मंडळात सांगत होतास की कन्सल्टिंग करतोय. मी तेव्हाही गप्प. सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसून बसून पाठ अशी धरली की तुला बुटाच्या लेस बांधता येईनात. तेव्हा दर रविवारी फोनवर तुला व्यायाम कुणी दाखवले? तुला वाटतं मला कळत नाही. माझ्या खोलीतल्या हीटिंगच्या जाळीतून बेसमेंटमधलं सगळं ऐकू येतं. रोज सकाळी साडेसहाला तू चटईवर पडून मोजतोस. एक दोन तीन चार, पाच सहा सात आठ, आणि मग उलट, आठ सात सहा पाच, चार तीन दोन एक. असं उलट अमेरिकेत कुणी मोजत नाही, शंतनू. ते माझं मोजणं आहे. व्यायाम लेकीचा, मोजणं आईचं, आणि दोघींची नावं मात्र तुला दुरुस्त करून छापायची आहेत.

तुझी भीती मला समजत नाही असं नाही. व्हिसावर आलास, ग्रीन कार्डाची अकरा वर्षं वाट बघितलीस, तेवढ्या वर्षांत साहेबासमोर एकदा तोंड उघडलं नाहीस. तुझे बाबा गेले तेव्हासुद्धा कागद अडकले म्हणून तुला निघायला आठ दिवस लागले. आणि नोकरी गेली तेव्हा तू कसा खंगलास ते मी डोळ्यांनी बघितलंय. लेकीवर अशी वेळ येऊ नये, डॉक्टर झाली तर कुणी तिला खुर्चीतून ऊठ म्हणणार नाही, असं तुला वाटतं. आईला कळतं ते. पण तेवढंच असतं ना, तर तू तिच्याशी नोकरीबद्दल बोलला असतास. टॉवेलबद्दल नसतास बोलला. आणि मला तर कुणी नोकरीवरून काढणार नव्हतं, मी रिटायर होऊन वीस वर्षं झाली, मग मला कशाला मुख्याध्यापिका केलंस? तुला लाज वाटते. सरळ सांगते, तुला ग्राउंडची लाज वाटते. आणि ती आजची नाही.

दहावीला तू माझ्याच शाळेतून पहिला आलास, बोर्डाच्या यादीत नाव आलं, पटांगणात सत्कार होता. मी रांगा लावत होते. साडी वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. पोट्टे तुला माझ्या शिट्टीवरून चिडवायचे, मला माहीत होतं. आठवीपासून तू शाळेत मला आई म्हणणं सोडलं होतंस, मॅडम म्हणायचास, तेही मी चालवून घेतलं होतं. मोठ्या बाईंनी माइकवरून सांगितलं की विद्यार्थ्याच्या आईनेही वर यावं. मी स्टेजच्या पहिल्या पायरीपर्यंत आले होते. तू माझ्याकडे बघितलंस, मग माझ्या बुटांकडे बघितलंस, आणि मान अगदी किंचित हलवलीस. मग प्रेक्षकांतून बाबांना हात केलास. मी वळले. गळ्यातली शिट्टी काढून मुठीत धरली आणि मागच्या रांगेतल्या पोरांवर उगाचच ओरडले. बाबांना तुझ्या शेजारी उभं राहताना बघून मी टाळ्या वाजवल्या, एका हाताची मूठ तशीच ठेवून. यावर आपण तेहतीस वर्षांत एक अक्षर बोललो नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला मी त्याच दिवशी माफ केलं होतं. पण पन्नाशीला आलेल्या माणसाचं काय करू?

हेही मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं, मला सवय आहे. आज सकाळी पानं बघून चिडले असते, दोन भांडी आपटली असती आणि दुपारी तुझ्यासाठी थालीपिठाची भाजणी भिजवली असती. पत्र लिहायला बसले ते काल दुपारच्या फोनमुळे. रुहीला मीच केला होता. ती एका वर्गातून दुसऱ्या वर्गात चालली होती, मागे वारा ऐकू येत होता. मी तिला म्हटलं, बेटा, सोमवारी जाऊ नकोस, बाबाशी भांड, मी आहे. ती अगदी शांतपणे, मला बरं वाटावं म्हणून, म्हणाली, आजी, इट्स ओके. तू पण केलंस ना? बाबा प्रिन्सिपल म्हणाला आणि तू जस्ट स्माइल केलंस. मी पण करेन. मग तिचा वर्ग आला आणि तिने फोन ठेवला. मी किचनमध्ये किती वेळ उभी होते कोण जाणे. आसावरीने येऊन गॅस बंद केला. पोरीला उठून उभं राहायला मी शिकवायचं, की असं हसून बसून राहायला? ती माझ्याकडून हेच शिकली, शंतनू, आणि ते मला सहन होत नाहीये. म्हणून आज गुरुनाथला फोन करून माझी ओळ बदलायला सांगितली. तो चाचरत म्हणाला की शंतनूला विचारतो. मी म्हटलं, आयुष्य मी जगले, त्याला काय विचारतोस? आता तिथे 'निवृत्त पी.टी. शिक्षिका' असं छापून येईल. रुहीची ओळ मी बदललेली नाही. त्या ओळीला मी हात लावणार नाही, ती तुझ्या हाताने गेली आहे, तुझ्याच हाताने बदलायला हवी. गुरुनाथ उद्या संध्याकाळी छापायला देतो. तू डबा खाऊन हे वाचशील तेव्हा तुझ्याकडे चार-पाच तास असतील. आधी रुहीला फोन कर, मग गुरुनाथला. सोमवारी तिने कुठे जायची गरज नाही, एवढं तिला तुझ्या तोंडून ऐकू दे. करशील की नाही, मला माहीत नाही. पण रविवारी मी मंडळाच्या स्टेजवर कॅनव्हासचे बूट घालून चढणार आहे, आसावरी काल संध्याकाळीच घेऊन आली, पांढरेच मिळाले. आणि शिट्टी माझ्याकडे आहे. नागपूरहून येताना दागिन्यांच्या डबीत घालून आणली होती, तुला कधी दाखवली नाही. त्या दिवशी मी ती मुठीत धरून उभी राहिले होते, या वेळी गळ्यात घालणार आहे. बक्षिसं देऊन झाली की मी माइकवरून माझ्या मुलाला वर बोलावणार. तू बूट बघ, हवं तर मान हलव. मी पायरीवरून वळणार नाही.

राग अजून आहे. तरी आशीर्वाद उरलेत, घे.

तुझीच,
आई
सरला पांढरीपांडे, निवृत्त पी.टी. शिक्षिका, नागपूर